जहाज: उलटं वाचा नाहीतर सुलटं

कोडेकरीण

कडक, सरस, नयन, कनक, नवीन, नवजीवन ही यादी शब्दखेळवाल्या सगळ्यांची पाठ असते, उलटं वाचा सुलटं वाचा, तेच. त्या यादीत जहाज पण असतं पण त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. मला मात्र त्यात सगळ्यात भारी तोच वाटतो, कारण बाकीच्यांची फक्त अक्षरं उलटसुलट होतात, जहाजाचा अर्थसुद्धा उलटसुलट फिरलाय. कसा ते सांगते, थोडं लांबेल.

शब्द मूळ अरबी. ज-ह-झ असा तीन व्यंजनांचा धातू (झ म्हणजे झेब्रातला झ), आणि त्याचा अर्थ तयारी करणं, सामानसुमान लावून सज्ज करणं. त्यावरून जहाझ किंवा जिहाझ म्हणजे सामग्री, सरंजाम. कसलाही सरंजाम हं. लग्न होऊन निघालेल्या मुलीबरोबर जे भांडीकुंडी-कपडेलत्ते जातं ते पण याच धातूतलं, आणि माणूस गेल्यावर अंत्यविधीची जी तयारी करतात तिला उर्दूत तजहीज म्हणतात ती पण यातलीच. फारसीत उंटाच्या पाठीवर जे खोगीर चढवतात त्यालाही जहाझ म्हणतात. या सगळ्यात पाण्याचा थेंब कुठे नाही. मग फारसीत कधीतरी हा सरंजाम डोलकाठी, शिडं, दोरखंड लावून सजवलेल्या नौकेला चिकटला आणि आपल्याकडे आला तो नौका होऊनच आला. अरब माणसाला आज जहाज म्हटलं तर तो तुम्हाला एखादं यंत्र आणून देईल, कारण त्यांच्याकडे आता जिहाझ म्हणजे उपकरण, टीव्ही-फोनपासून काहीही. नौकेला ते सफीना म्हणतात.

म्हणजे इकडे दिशा अशी: सज्ज करणं → सज्ज केलेली वस्तू → जहाज.

आता इंग्रजीतलं इक्विप घ्या, इक्विपमेंटवालं. ते आलं फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये ते बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या स्किपा या क्रियापदावरून आलं, स्किपा म्हणजे जहाज सजवणं, त्यावर माणसं-सामान चढवणं. आणि स्किपाच्या पोटात कोण? स्किप म्हणजे जहाज, इंग्रजीतल्या शिपचं भावंड. म्हणजे तिकडे दिशा: जहाज → जहाज सज्ज करणं → नुसतं सज्ज करणं.

एक शब्द सामानातून निघून जहाजात शिरला, दुसरा जहाजातून निघून सामानात शिरला. उलटसुलट सारखं वाचलं जाणाऱ्या शब्दाला विलोमपद म्हणतात, मला तर हे अर्थाचंच विलोमपद वाटतं. आणि असा शब्द मराठीत लिहिल्यावर नेमका उलटसुलट सारखा निघावा, याला काय म्हणायचं.

तुमच्याकडे जहाजाबद्दल जे काय असेल ते टाका, इतर भाषांतलं, कोडी, गूढ सूत्रं (शब्दकोड्यातल्या आडवळणी सूचना, कंसात उत्तराची अक्षरसंख्या), शाब्दिक चाळे, सगळं चालेल.

निळीशाई

ताई भारी धागा. पण सुरुवातीलाच खुसपट काढते, सवय आहे. जहाज हे विलोमपद कोणत्या हिशोबानं? अक्षरांच्या हिशोबानं ज-हा-ज, मान्य. पण वर्ण सुटे केले तर ज् अ ह् आ ज् अ, हे उलटं केलं की अ ज् आ ह् अ ज्, म्हणजे काहीतरी अजाहज असं होतं. मग कुठे गेलं विलोमपद?

कोडेकरीण

अगं पण मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर लिहितो आपण, मात्रा-काना-जोडाक्षर सगळं त्या एका घरात. वर्ण सुटे कोण करतं. "चिमा काय कामाची" हे तू वर्णांत फोडलंस तर तेही मोडेल, आणि त्यात तर चि ऱ्हस्व आणि ची दीर्घ, तरी आपण पिढ्यानपिढ्या चालवून घेतो ना.

अवांतरवाला

रोमन लिपीत बघा की. जे-ए-एच-ए-जे. हे चक्क वर्ण सुटे करूनसुद्धा उलटसुलट सारखं येतं! अट एवढीच की हा चा काना दाखवायला दोन ए टाकायचे नाहीत. म्हणजे चॅटमध्ये घाईत जसं टाइप करतो तसंच टाइप करायचं, शुद्धलेखन केलंत की विलोमपद बुडालं.

तिरकस_तात्या

हिंदीवाल्यांचं बुडतंच. ते शेवटच्या ज खाली नुक्ता म्हणजे टिंब देतात, म्हणजे पुढून वाचलं तर आधी साधा ज, मागून वाचलं तर आधी नुक्त्याचा ज. उर्दू लिपीत तर पहिलं अक्षर जीम आणि शेवटचं झे, दोघांची तोंडं पण जुळत नाहीत. आपल्या देवनागरीला नुक्त्याचं कौतुक नाही म्हणून आपल्याला हे फुकटात मिळालंय.

सुपारीबाग

बंगाली पण नापास. ते जाहाज लिहितात, पहिल्या ज ला काना. उलटं केलं तर जहाजा. गुजराती मात्र पास, जहाज म्हणजे जहाज.

बंगालीत या शब्दाचे दोन वाक्प्रचार मला फार आवडतात. एक, आल्याच्या व्यापाऱ्याला जहाजाच्या चौकश्या कशाला. म्हणजे किरकोळ धंदा करणाऱ्यानं मोठ्या उलाढालीत नाक खुपसू नये, आपल्या "उचलली जीभ लावली टाळ्याला" पेक्षा वेगळं, यात ज्याला त्याला आपापल्या पायरीवर बसवायचा भाव आहे. दुसरा, विद्येचं जहाज. म्हणजे फार शिकलेला माणूस. पण बहुतेक वेळा हे टोमण्यानंच म्हणतात, कसलं विद्येचं जहाज आलंय बघा, असं.

तिरकस_तात्या

या धाग्यावर तीन-चार जहाजं नांगरलेली दिसतातच.

निळीशाई

तात्या, पहिलं तुमचंच.

बरं, आणखी एक खुसपट. ज चे मराठीत दोन उच्चार आहेत, जन मधला तालव्य आणि जग मधला दंततालव्य. माझ्या तोंडी जहाजातले दोन्ही ज जगातले आहेत. पण मी पहिला ज जनातला आणि शेवटचा ज बाजारातला असं म्हणणारी माणसं ऐकली आहेत. त्यांच्या तोंडी हे विलोमपद नाही मग. म्हणजे बोलीत नाही पण लिहिण्यात आहे. आणि बोलताना शेवटचा अ पण आपण खातोच, जहाज् म्हणतो.

कोडेकरीण

हे खरंय. आणि गंमत बघ, तो दुहेरी उच्चार करणारे लोक नकळत मूळ अरबीला धरून आहेत, तिकडे पण पहिलं आणि शेवटचं व्यंजन वेगळंच आहे! पण कोडं कागदावर सुटतं, तोंडात नाही, त्यामुळे माझं विलोमपद मी सोडत नाही.

हेमाडपंती

मला ते लग्नाच्या सामानाचं वाचून दहेज आठवलं. हिंदीतलं दहेज हे या जहेझवरूनच आलंय ना? उर्दूत अजून जहेझच म्हणतात.

कोडेकरीण

हो, सहसा तीच व्युत्पत्ती देतात. ज चा द झाला. तुर्कीत तर एकाच मुळापासून दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात, जिहाझ म्हणजे उपकरण आणि चेयिझ म्हणजे मुलीचं आंदण. कानाला लावायचं ऐकण्याचं यंत्र ते पण जिहाझ. म्हणजे शब्द एकदा थेट पुस्तकातून आला आणि एकदा लोकांच्या तोंडून घासून गुळगुळीत होऊन आला, आणि दोन्ही आवृत्त्या टिकल्या. मराठीत आपण आंदण हा आपला शब्द ठेवला, त्यामुळे जहाज आणि आंदण यांचं सोयरं आपल्या लक्षातच येत नाही.

अवांतरवाला

अरबीत शरीरातल्या संस्थांना पण जिहाझच म्हणतात. पचनसंस्था म्हणजे अल-जिहाझ अल-हदमी. फारसीत पण जहाझे हाझेमा असं जुन्या धर्तीचं नाव आहे, हाझेमा म्हणजे आपल्या हाजम्यातलं. म्हणजे शब्दशः घेतलं तर पोट बिघडलं की माणूस म्हणू शकतो, माझं जहाज बुडतंय.

आणि नॉशिया, मळमळ, हा शब्द ग्रीक नाउस म्हणजे जहाज यावरून आलाय, मुळात तो बोट लागण्यालाच म्हणत. पोट आणि जहाज यांचं दोन्हीकडून जमतंय.

तिरकस_तात्या

अरबीत सरकारी गुप्तचर खात्याला पण जिहाझच म्हणतात बरं का. म्हणजे यंत्रणा. यंत्रणा हा शब्द मराठीत पण यंत्रावरूनच खात्यावर गेला, तसंच.

खारफुटी

वर उंटाच्या खोगिराला जहाझ म्हणतात वाचलं आणि हसायला आलं, उंट म्हणजे वाळवंटातलं जहाज असं आपण शाळेत निबंधात लिहायचो. अरबीत पण सफीनत अस-सहरा म्हणतात, पण तिथे सफीना वापरलाय म्हणजे खोगिराचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. तरी फारसीत उंटावर जहाज असतं आणि मराठीत उंटच जहाज असतो, हे कुठल्यातरी कोड्यात घालायलाच पाहिजे.

दुसरं म्हणजे स्पॅनिश. अरबांची सत्ता तिकडे ७११ पासून होती, त्या काळात हा शब्द स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथे त्याचं हाएस झालं. अर्थ घोड्याचा साज, गोंडे, झालरी वगैरे. तो घोड्यावरच राहिला, पाण्यात उतरलाच नाही. पण नंतर एक भलताच अर्थ फुटला, प्रकार, जात. त्या हाएसचे लोक, म्हणजे त्या वकुबाचे, त्या लायकीचे, आणि बरेचदा नाक मुरडूनच. आपण एका माळेचे मणी म्हणतो ना अगदी तसं. आधी घोड्याचा साज बघून मालकाची लायकी ओळखत असतील, त्यातून आलं असावं असं मला वाटतं, पण हा माझा तर्क.

सुपारीबाग

म्हणजे एकच शब्द पश्चिमेला जाऊन घोड्यावर बसला, उत्तरेला जाऊन यंत्र झाला, आणि पूर्वेला येऊन समुद्रात गेला. दक्षिणेला पण गेलाय, स्वाहिलीत जहाझी म्हणजे मोठं शिडाचं गलबत, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चालतं ते.

नेपाळीत अजून वेगळी तऱ्हा. तिथे नुसतं जहाज म्हटलं तर बहुतेक वेळा विमानच समजतात, समुद्र नाहीच तर काय करणार. मग खऱ्या जहाजाला पानीजहाज असा खुलासेवार शब्द. हिंदीत उलट, जहाज आधी पाण्यातलं, मग हवेतल्याला हवाई जहाज. मलय भाषेत पण तीच कल्पना, कापाल म्हणजे जहाज (हा तमिळ कप्पलवरून) आणि कापाल तेरबांग म्हणजे उडतं जहाज. मराठीनं मात्र सरळ संस्कृत विमान उचललं.

पाटावरवंटा

जहाजी भाऊ कोणी आणलाच नाही अजून? मला वाटतं या शब्दाचा सगळ्यात मोठा प्रवास तोच.

गिरमिटिया मजूर. १८३८ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून कॅरिबियन बेटांवर आणि गयाना-सुरिनामला मजूर नेले, त्याआधी १८३४ पासून मॉरिशसला, नंतर १८७९ पासून फिजीला. पहिलं जहाज गयानाला ५ मे १८३८ ला लागलं, त्रिनिदादला ३० मे १८४५ ला, सुरिनामला ५ जून १८७३ ला, आणि त्या तारखा तिकडे अजून पाळतात. प्रवास महिनोन्महिन्यांचा. जहाजावर जात-गाव-घराणं काही उरत नसे, सगळे एकाच डेकवर, एकाच पंगतीला. उतरल्यावर मळ्यांवर वाटणी व्हायची आणि ओळखीचं म्हणून कोणी राहायचं नाही, तर ज्याच्याबरोबर एका जहाजातून आलो तोच नातेवाईक. त्याला जहाजी भाई म्हणायचे, बाई असेल तर जहाजी बहीण. आणि हे नुसतं म्हणायचं नातं नव्हतं, जहाजी कुटुंबांमधे आपापसांत लग्नं टाळत, सख्ख्या नात्यात टाळतात तशी.

म्हणजे बघा, अरबीत हा शब्द मुलगी सासरी जाताना बरोबर जे सामान नेते त्याचा, आणि तिकडे तो ज्यांच्याकडे सामानच नव्हतं त्यांच्या नात्याचा झाला.

आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांतही हेच झालं होतं त्याआधी, जमैकात एका जहाजातून आलेले एकमेकांना शिपमेट म्हणायचे आणि ते नातं रक्ताच्या नात्याएवढं मानायचे, ब्राझीलमध्ये त्यासाठी मलुंगो असा शब्द होता. भाषा वेगळ्या, जहाजं वेगळी, नातं तेच तयार झालं.

निळीशाई

हे वाचून खुसपट काढायची इच्छाच गेली. छान लिहिलंय.

फक्त गिरमिट. ते ॲग्रीमेंटचं झालेलं रूप, हे बहुतेकांना माहीत आहे. पण सुताराकडे लाकडाला भोक पाडायचं गिरमिट असतं ते वेगळं, ते इंग्रजी गिमलेटवरून. दोन निरनिराळे इंग्रजी शब्द आपल्या तोंडात येऊन एकसारखे झाले. शब्दकोड्यासाठी सोनं आहे हे, "करार करून भोक पाडतं (४)".

कोडेकरीण

वा! घेतलं.

पाटावरवंटा, तुमचा प्रतिसाद मी मुख्य धाग्यात जोडायला पाहिजे खरं तर. जहाजी बहीण मला माहीत नव्हतं.

आता जरा कोडी. मी तिघं आणलेत, उत्तर अर्थात सगळ्यांचं एकच आहे त्यामुळे सोडवायचं नाही, उलगडून सांगायचं.

पहिलं: विस्कटला हा जज आणि निघाला समुद्रात (३)

दुसरं: आज हाजरीत लपलंय गलबत (३)

तिसरं: दोन जुळ्यांच्या तोंडामध्ये हा शिरला, तरंगला (३)

अवांतरवाला

पहिलं सोपं आणि झकास. "हा जज" ची अक्षरं हलवली की ज-हा-ज. विस्कटला ही खूण. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं की जहाज आणि हा जज ही एकमेकांची जुळवाजुळव आहे.

खारफुटी

दुसऱ्यात आ[ज हा ज]रीत. शब्दांच्या सीमेवर लपवलंय. आवडलं. शुद्धतावादी म्हणतील हजेरी म्हणा, पण हजेरी म्हटलं की जहाज बुडालं.

असंच "समाज हा जर सुधारायचा असेल" या भाषणछाप वाक्यात पण एक जहाज आहे, समा[ज हा ज]र. आता पुढाऱ्यांची भाषणं ऐकताना मी जहाजंच मोजणार.

हेमाडपंती

तिसऱ्यात जुळ्यांचं तोंड म्हणजे जुळ्या शब्दाचं पहिलं अक्षर का? ते तर जु आहे, ज नाही. चीटिंग.

कोडेकरीण

बरोबर पकडलंत, जुळे कटाप. "दोन जणांच्या तोंडामध्ये हा शिरला, तरंगला" असं वाचा. जण चं तोंड ज, दोन वेळा, मध्ये हा.

तिरकस_तात्या

आमच्या लहानपणी गूढ सूत्रं वगैरे नव्हती, सरळ तीन अक्षरी असायचं. हे घ्या माझ्याकडून:

तीन अक्षरी माझं नाव, उलटसुलट एकच भाव
पोट काढलं तर खुर्चीत बसतो, पोट ठेवलं तर पाण्यात दिसतो

मधला हा काढला की राहतो जज.

सुपारीबाग

तात्या एकदम झकास, आणि त्यात "माझं नाव" मध्ये अजून एक नाव लपलीय ते बघितलंत का? नाव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी. एक नपुंसकलिंगी, एक स्त्रीलिंगी. ते नाव, ती नाव. पूर्वी नामवाल्या नांववर अनुस्वार द्यायचे, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि दोघी एकसारख्या झाल्या. जुन्या कोडेवाल्यांचा एक श्लेष त्यामुळे बिघडायचा, आता बिघडत नाही. शब्दखेळवाल्यांनी त्या नियमांचे आभारच मानले पाहिजेत, बाकीच्यांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

नाव-गाव-फळ-फूल खेळताना मी ज आला की वस्तूत जहाज लिहायचे. न आला की नावाच्या रकान्यात नाव असं लिहून बघितलंय, सगळे भांडले माझ्याशी.

पाटावरवंटा

नांगर पण तसाच. शेतातला नांगर संस्कृत लांगल वरून, आणि जहाजाचा नांगर फारसी लंगरवरून. दोन वेगळ्या घरची पोरं एका नावानं शाळेत. कोडं: शेतात चालवतो, पाण्यात थांबवतो.

नाखुदा पण बघा, फारसी नाव अधिक खुदा, म्हणजे नावेचा मालक. यातली नाव आणि आपली नाव एकाच इंडो-युरोपीय कुळातली, ग्रीक नाउस पण तीच, आणि त्यामुळे ॲस्ट्रोनॉट मधला नॉट पण त्यांचाच नातलग, ताऱ्यांमधला नावाडी. गुराब हे आरमारी जहाज, त्याचं नाव अरबी, अर्थ कावळा.

निळीशाई

भेंड्यांमध्ये जहाज हा शब्द दुष्ट आहे. समोरचा ज वर अडकवतो, आपण जहाज म्हटलं की त्याच्यावर परत ज. आणि जहाज एकदाच वापरता येतं. तेव्हा ते लगेच टाकायचं नाही, राखून ठेवायचं.

खारफुटी

शब्दशिडी लावूया का? नियम: एका वेळी एकच अक्षर बदलायचं, मात्रेसकट एक अक्षर, आणि प्रत्येक पायरी अर्थपूर्ण मराठी शब्द पाहिजे. जहाजापासून तहानपर्यंत जा. समुद्रात असून प्यायला पाणी नाही अशी आपली शिडी.

हेमाडपंती

जहाज, जहाल, महाल, महान, लहान, तहान. पाच उड्या.

यातला महाल पण अरबी, महल्ल म्हणजे उतरायची जागा, ठिकाण. मोहल्ला त्याचाच भाऊ. म्हणून महाल म्हणजे राजवाडा पण आणि महालकऱ्याच्या हाताखालचा मुलूख पण. लहान मात्र संस्कृत श्लक्ष्ण म्हणजे गुळगुळीत, बारीक, यावरून. तहान तृष्णेवरून.

अवांतरवाला

लहान कशाला, महान वरून सरळ तहान. म चा त. चार उड्या.

हेमाडपंती

लहानला व्युत्पत्ती सांगायला नेलं होतं.

सुपारीबाग

आता माझी शिडी. त्याआधी एक कोडं, त्याचं उत्तर हेच शिडीचं टोक:

मराठी माणूस पायात घालतो, गुजराती माणूस पाण्यात घालतो.

पाटावरवंटा

वहाण! गुजरातीत वहाण म्हणजे जहाज. वहाणवटुं म्हणजे जहाजांचा धंदा. आणि आपली वहाण संस्कृत उपानह् वरून, पायताण. त्यांचं वहन करण्यावरून.

सुपारीबाग

बरोबर. तर शिडी: जहाज पासून वहाण. मराठी जहाजातून गुजराती जहाजात, वाटेत पाय ओले न करता.

खारफुटी

जहाज, जहाल, महाल, महान, लहान, मग... सहान? लहानसहान मधलं. त्यावरून सहाण, गंध उगाळायची. सहाण वरून वहाण. सात उड्या.

निळीशाई

सहान एकटं कधी फिरतं? लहानचं बोट सोडलं तर त्याला अर्थच नाही. पायरी बाद.

खारफुटी

मग न वरून ण वर जाणार कुठून! महाण नाही, तहाण नाही, लहाण नाही. अडकलं.

अवांतरवाला

शहाजहान मधला जहान घेतला तर जहाज-जहान-लहान असं जवळ पडतं, पण परत न वरच अडकतो. ण चा किनारा लागत नाहीये.

तिरकस_तात्या

न ला हातच कशाला लावता. ल वरून ळ वर जा.

जहाज, जहाल, महाल, महाळ, गहाळ, गहाण, वहाण.

महाळ म्हणजे महालय, पितृपक्षातला. सहा उड्या, एकही पायरी पडीक नाही.

खारफुटी

तात्या!! गहाळ आणि गहाण शेजारी शेजारी, वा. आधी हरवलं मग सावकाराकडे सापडलं.

निळीशाई

मला काहीच खुसपट सापडत नाहीये. त्रास होतोय.

कोडेकरीण

सहापेक्षा कमी होतील का बघा. दोनच अक्षरं बदलायची आहेत, पहिलं आणि तिसरं, म्हणजे जहाण किंवा वहाज असा एखादा शब्द मराठीत कुठे बोलीत जरी निघाला तर दोन उड्यांत काम होतं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, ज्यांच्या घरात जे बोललं जातं त्यांनी शोधा. तोवर तात्यांची सहाची शिडी धाग्याच्या डोक्यावर लावते.

तिरकस_तात्या

वहाज शोधताना वाटेत लहाज लागला तर मला कळवा, त्याला कुठेतरी बसवतो.